गाडीमागची न दिसणारी जागा आणि स्वतः बसवायचा कॅमेरा

सकाळी सात-साडेसातची वेळ. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात शाळेची बस गाठणारी मुले, वर्तमानपत्र टाकणारा पोऱ्या, गाड्या पुसणारा कामगार आणि कार्यालयाला निघालेले वाहनधारक अशी सगळ्यांची एकाच वेळी लगबग सुरू असते. दोन खांबांच्या मध्ये उभी असलेली मोटार मागे घेताना चालक तिन्ही आरशांत पाहतो, मान वळवून मागच्या काचेतूनही पाहतो आणि रस्ता मोकळा आहे असे समजून गाडी मागे सोडतो. मात्र मागच्या काचेच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचा आणि बंपरपासून काही मीटर लांबपर्यंतचा पट्टा त्याला यांपैकी कशातूनही दिसलेला नसतो. चेंडू उचलायला वाकलेले मूल नेमके त्याच पट्ट्यात असू शकते.

ही न दिसणारी जागा पाहण्यासाठी गाडीच्या मागे लहानसा कॅमेरा बसवण्याकडे शहरी वाहनधारकांचा कल वाढला आहे. नव्या गाड्यांच्या महागड्या प्रकारांत असा कॅमेरा कारखान्यातूनच बसवून मिळतो. जुन्या किंवा कमी किमतीच्या गाड्यांसाठी तो बाजारात सुटा विकत मिळतो. मुंबईत कुर्ल्याजवळचा सीएसटी रोड किंवा पुण्यात नाना पेठ अशा ठिकाणी तो काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत उपलब्ध असतो. विजेच्या जोडणीची प्राथमिक माहिती असलेल्या माणसाला सुटीच्या एका दिवसात तो स्वतः बसवता येतो. परंतु हे काम केवळ चार तारा जोडण्याचे नाही. तार चुकली तर आग लागण्याचा धोका असतो आणि चित्र चुकीचे लागले तर ते चालकाला खोटा दिलासा देते. म्हणून कॅमेरा बसवण्याइतकेच, तो दाखवतो ते खरे आहे का हे तपासणेही महत्त्वाचे ठरते.

कायद्याने काय बंधनकारक आहे?

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागे घेताना सूचना देणारे संवेदक, म्हणजेच रिव्हर्स पार्किंग सेन्सर, बंधनकारक करण्यात आले. हे सेन्सर ध्वनिलहरी सोडतात आणि त्या एखाद्या वस्तूवर आदळून परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून अंतर ओळखतात. त्यांचा उपयोग निश्चितच होतो. मात्र बारीक सळई, बंपरच्या पातळीखाली असलेला दगड किंवा ध्वनी शोषून घेणारे मऊ कापड यांच्या बाबतीत ते कमी पडू शकतात. शिवाय मागे काहीतरी आहे एवढेच सेन्सर सांगतो, ते काय आहे हे सांगत नाही. कॅमेरा ही उणीव भरून काढतो. त्याआधी तयार झालेल्या असंख्य गाड्यांमध्ये यांपैकी काहीच नाही.

अमेरिकेने या बाबतीत पुढचे पाऊल टाकले. तेथे २००२ मध्ये कॅमेरॉन गुलब्रन्सन हा दोन वर्षांचा मुलगा घरासमोरच मागे येणाऱ्या मोटारीखाली सापडून दगावला. ती मोटार त्याचे स्वतःचे वडील चालवत होते. त्याच्या नावाने ओळखला जाणारा मुलांच्या वाहनविषयक सुरक्षिततेचा कायदा २००८ मध्ये अमलात आला. त्यानुसार २०१४ मध्ये नियम निश्चित झाले आणि १ मे २०१८ पासून तेथील सर्व नव्या हलक्या वाहनांना मागचे दृश्य दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली. गाडीमागची सुमारे १० फूट रुंद आणि २० फूट लांब जागा पडद्यावर दिसली पाहिजे, अशी त्या नियमाची अट आहे. नियम करताना तेथील महामार्ग सुरक्षा यंत्रणेने दिलेल्या आकडेवारीनुसार, मागे येणाऱ्या वाहनांखाली सापडून अमेरिकेत वर्षाला सरासरी २१० मृत्यू होत होते. त्यांतील ३१ टक्के बळी पाच वर्षांखालील मुले, तर २६ टक्के बळी सत्तर वर्षे आणि त्यापुढील वृद्ध होते. लहान मूल उंचीमुळे दिसत नाही आणि वृद्ध माणसाला चटकन बाजूला होता येत नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे.

खरेदीआधी घरच्या घरी एक चाचणी

कॅमेरा घेण्यापूर्वी आपल्या गाडीमागची न दिसणारी जागा किती आहे, हे मोजून पाहणे उपयुक्त ठरते. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद ठेवावे. लहान मुलाच्या उंचीएवढे एखादे प्लास्टिकचे स्टूल किंवा पालथी बादली बंपरला टेकवून ठेवावी. एकाने चालकाच्या आसनावर नेहमीप्रमाणे बसावे आणि दुसऱ्याने ती वस्तू हळूहळू मागे सरकवावी. मागच्या काचेतून किंवा आरशांतून वस्तू पहिल्यांदा दिसेल त्या ठिकाणी खडूने खूण करून बंपरपासूनचे अंतर मोजावे. लहान हॅचबॅकमध्ये हे अंतर तुलनेने कमी भरते. उंच बांध्याच्या एसयूव्हीमध्ये आणि उंच डिकीच्या सेडानमध्ये ते अनेकांना चकित करण्याइतके मोठे असते. चालक बुटका असेल तर त्यात आणखी भर पडते. ही खडूची खूण पुढे कॅमेऱ्याची दिशा ठरवतानाही कामास येते.

कोणता कॅमेरा घ्यावा?

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकारचे कॅमेरे आढळतात. पहिला प्रकार छोट्या पट्टीवर बसवलेला असतो. तो क्रमांकाच्या पाटीवरील दिव्याजवळ किंवा डिकीच्या मुठीखाली स्क्रूने बसतो. दुसरा गोल आकाराचा असून त्यासाठी बंपरला किंवा डिकीच्या पट्टीला भोक पाडावे लागते. तिसरा प्रकार क्रमांकाच्या पाटीच्या स्क्रूंवर किंवा चौकटीवर बसणारा आहे.

यांपैकी तिसऱ्या प्रकाराबाबत महाराष्ट्रातील वाहनधारकांनी विशेष दक्षता घेणे आवश्यक आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांक पाटी बसवूनच मिळते आणि राज्यातील जुन्या वाहनांनाही ती सक्तीची करण्यात आली आहे. ही पाटी एकदाच वापरता येणाऱ्या, उघडता न येणाऱ्या स्नॅप लॉकने बसवलेली असते. कॅमेऱ्यासाठी ते कुलूप तोडले तर पाटीची सुरक्षितताच संपते आणि नवी पाटी बसवून घेण्याची वेळ येते. कॅमेऱ्याची पट्टी पाटीवरील आकड्यांवर किंवा होलोग्रामवर आली तरी ते नियमाला धरून होत नाही. त्यामुळे पाटीला हात न लावता दिव्याच्या पट्टीत बसणारा कॅमेरा निवडणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी बाब पाणी आणि धुळीची. कॅमेऱ्याच्या खोक्यावर आयपी ६७ असा उल्लेख असतो. त्यातील सहाचा आकडा धूळ आत जात नसल्याचे सांगतो. सातचा आकडा एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडूनही पाणी आत जात नसल्याचे दर्शवतो. मुंबई-कोकणातील पावसाळा आणि रस्त्यावरचा चिखल लक्षात घेता यापेक्षा कमी दर्जाचा कॅमेरा घेऊ नये. प्रत्यक्षात पाणी बहुधा कॅमेऱ्याच्या पोटात नव्हे, तर बाहेरच्या तारजोडात शिरते. म्हणून जोड शक्यतो डिकीच्या आतल्या बाजूला ठेवावा.

तिसरी बाब पडद्याशी जुळण्याची. जुन्या पद्धतीचे कॅमेरे सीव्हीबीएस, तर अधिक स्पष्ट चित्राचे नवे कॅमेरे एएचडी प्रणालीवर चालतात. दोहोंची पिवळी पिन एकसारखीच दिसत असली तरी केवळ सीव्हीबीएस समजणाऱ्या म्युझिक सिस्टीमला एएचडी कॅमेरा जोडल्यास चित्र येत नाही. सीव्हीबीएसमध्येही पाल आणि एनटीएससी असे दोन प्रकार आहेत. पडद्याची निवड चुकली तर चित्र काळे-पांढरे दिसते किंवा वरखाली सरकत राहते. गाडीत पडद्याची म्युझिक सिस्टीम नसेल, तर आतल्या आरशावर चढवायचा आरसावजा पडदा किंवा डॅशबोर्डवर ठेवायचा छोटा पडदा मिळतो.

यंत्रणा चालते कशी?

गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकताच मागचा पांढरा दिवा लागतो. म्हणजेच त्या क्षणी त्या दिव्याच्या तारेत बारा व्होल्टचा प्रवाह येतो आणि गिअर काढताच तो थांबतो. कॅमेऱ्याची सारी योजना या एका प्रवाहावर आधारलेली आहे. तोच प्रवाह कॅमेऱ्याला वीज पुरवतो आणि तोच पडद्याला मागचे दृश्य दाखवण्याचा इशारा देतो.

कॅमेऱ्याबरोबर सुमारे सहा मीटर लांबीची एक केबल मिळते. तिच्या दोन्ही टोकांना पिवळी पिन असते आणि पिनेशेजारून बहुधा एक बारीक लाल तार बाहेर आलेली असते. अनेकजण ती निरुपयोगी समजून कापून टाकतात. वास्तविक हीच इशाऱ्याची तार होय. तिचे मागचे टोक रिव्हर्स दिव्याच्या धन तारेला आणि पुढचे टोक म्युझिक सिस्टीमच्या 'रिव्हर्स' किंवा 'बॅक' असे लिहिलेल्या तारेला जोडायचे असते. ती जोडली नाही तर कॅमेरा चालू होतो, परंतु पडदा मात्र गाणीच दाखवत राहतो.

कामाची तयारी

सर्वप्रथम कोणतेही आवरण न उघडता सगळे साहित्य डिकीत मांडून तात्पुरती जोडणी करून पाहावी. अख्ख्या गाडीतून केबल ओढल्यानंतर कॅमेरा सदोष असल्याचे कळणे फार त्रासाचे असते.

मल्टिमीटर, प्लास्टिकची चपटी पट्टी, स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, तारा दाबून जोडायची क्रिंप जोडणी, उष्णतेने आवळणारी प्लास्टिकची नळी, एक अ‍ॅम्पियरचा फ्यूज व त्याचा होल्डर, प्लास्टिकचे बंद एवढे साहित्य पुरेसे असते. आवरणे उघडण्यासाठी धातूचा स्क्रू-ड्रायव्हर खुपसल्यास प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि आतल्या खुंट्या तुटतात. त्यासाठी प्लास्टिकची पट्टीच वापरावी.

रिव्हर्स दिव्याची तार शोधताना गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक ओढावा आणि चाकांना विटेचा किंवा लाकडाचा अटकाव द्यावा. इंजिन सुरू न करता केवळ चावी फिरवून गिअर रिव्हर्समध्ये टाकावा. मल्टिमीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवून काळी सुई गाडीच्या धातूच्या भागाला आणि लाल सुई दिव्याच्या होल्डरमागील तारांना एकेक करून लावावी. ज्या तारेवर बारा व्होल्टच्या आसपास दाब दिसतो आणि गिअर काढताच शून्य होतो, ती हवी असलेली तार. काही लहान गाड्यांमध्ये रिव्हर्स दिवा एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूला शोध घेत बसू नये. तारेचा रंग पाहून अंदाज बांधणे टाळावे, कारण रंगांची पद्धत प्रत्येक उत्पादकाची निराळी असते.

तार सापडली की चावी काढून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि काही मिनिटे थांबावे. एअरबॅगच्या यंत्रणेत बॅटरी सोडवल्यानंतरही काही काळ विद्युतभार शिल्लक राहतो. काही गाड्यांची म्युझिक सिस्टीम बॅटरी पुन्हा जोडल्यावर सांकेतिक क्रमांक मागते. तो आधीच शोधून ठेवावा.

कॅमेरा आणि केबल

कॅमेरा शक्यतो गाडीच्या मध्यरेषेवर बसवावा. पडद्याच्या अगदी खालच्या कडेला बंपरची बारीक किनार दिसेल इतका तो खाली झुकलेला असावा. बंपर दिसत नसेल तर सर्वांत जवळची जागा चित्रातून निसटली असे समजावे. भोक पाडायचे असल्यास मागच्या बाजूला तारा किंवा कुलपाची यंत्रणा नाही याची खात्री करून घ्यावी. धातूच्या पत्र्यात भोक पाडल्यास उघड्या कडेला गंजरोधक रंग लावणे अत्यावश्यक आहे. समुद्राकाठच्या शहरांत अशा एका भोकातून सुरू झालेला गंज पुढे पत्रा खाऊन टाकतो.

डिकीचे दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये तारांसाठी एक रबरी नळी असते. कॅमेऱ्याची केबल त्या नळीतूनच न्यावी. दाराच्या फटीतून केबल तशीच बाहेर काढल्यास दार उघडता-मिटता ती चेपते आणि काही महिन्यांत तुटते. शिवाय रबरी पट्टी नीट न बसल्याने पावसाचे पाणी डिकीत येते. रबरी नळी अरुंद असेल, तर ताठ तार आधी आरपार घालून तिला केबल बांधावी आणि मग ओढून घ्यावी.

पुढे केबल डिकीच्या आवरणामागून आणि मग दाराच्या उंबरठ्यावरच्या प्लास्टिकच्या पट्टीखालून डॅशबोर्डपर्यंत नेता येते. छताच्या कडेने केबल नेण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र ज्या गाड्यांत बाजूचे पडदा एअरबॅग असतात, त्या गाड्यांत ते छताच्या कडेला आणि खांबांच्या आवरणामागे घडी घालून ठेवलेले असतात. त्यांच्यासमोरून केबल गेली तर अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडण्यात अडथळा येऊ शकतो. एअरबॅगची जोडणी सहसा पिवळ्या रंगाची असते. ती कोठेही दिसली तर त्या वाटेने काम करू नये आणि त्या तारांना मल्टिमीटरही लावू नये. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रीड गाड्यांमधील नारिंगी रंगाच्या जाड तारांत जीवघेणा दाब असतो. त्यांना स्पर्शही करू नये.

केबल नेताना ती आसनाच्या सरकत्या रुळांखाली, पेडलजवळ किंवा स्टिअरिंगच्या दांड्याजवळ येणार नाही हे पाहावे. उरलेल्या लांबीचे वेटोळे करून बंदाने घट्ट बांधावे. ते सुटे राहिल्यास खड्ड्यांच्या रस्त्यावर खडखड आवाज करत राहते.

एका छोट्या फ्यूजचे महत्त्व

कॅमेऱ्याच्या तारा फार बारीक असतात. गाडीच्या मूळ वायरिंगमधील फ्यूज मात्र जाड तारांच्या हिशेबाने, बहुधा दहा किंवा पंधरा अ‍ॅम्पियरचा असतो. समजा, कॅमेऱ्याची बारीक तार कोठेतरी पत्र्याला घासून उघडी पडली आणि शॉर्ट सर्किट झाले. अशा वेळी गाडीचा मूळ फ्यूज उडण्याइतका प्रवाह वाढण्याआधीच ती बारीक तार तापून तिचे आवरण वितळू शकते. आजूबाजूला प्लास्टिक, फोम आणि कापड असते. म्हणून दिव्याच्या तारेवरून जोड घेतल्याबरोबर, जोडापासून काही सेंटिमीटरच्या आत एक अ‍ॅम्पियरचा फ्यूज बसवावा. कॅमेऱ्याला याहून बराच कमी प्रवाह लागतो. फ्यूज आणि होल्डर मिळून होणारा खर्च किरकोळ असला, तरी घरगुती जोडणीत बहुतेकदा हाच टप्पा वगळला जातो.

तारा नुसत्या पिळून त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळण्याची सवयही धोक्याची आहे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत चिकटपट्टीचा डिंक सुटतो, जोड सैल होतो आणि सैल जोड तापतो. क्रिंप जोडणी करून त्यावर आवळणारी नळी चढवली, तर जोड वर्षानुवर्षे टिकतो. ऋण तार सांगाड्याच्या मूळच्या बोल्टला, रंग नसलेल्या स्वच्छ धातूवर घट्ट बसवावी. पडद्यावर आडव्या रेघा किंवा थरथर दिसण्यामागे सदोष अर्थिंग हे नेहमीचे कारण असते.

अलीकडच्या काही गाड्यांत दिव्यांवर संगणकीय यंत्रणेचे नियंत्रण असते. तेथे दिव्याला सलग प्रवाह न देता तो अतिशय वेगाने चालू-बंद केला जातो. डोळ्यांना हे जाणवत नाही, मात्र कॅमेऱ्याचे चित्र लुकलुकते किंवा दिव्यात बिघाड असल्याची सूचना समोर झळकते. अशा गाडीत थेट जोड न घेता योग्य रिले आणि फिल्टर लावावा लागतो. ही माहिती नसेल तर काम येथेच थांबवून जाणकार वायरमनकडे जावे.

चित्र खरे बोलते का?

जोडणी पूर्ण झाली आणि पडद्यावर चित्र आले की बहुतेकजण काम संपले असे मानतात. वास्तविक सर्वांत महत्त्वाचा भाग येथून सुरू होतो.

पहिली तपासणी डाव्या-उजव्या बाजूची. मागचे चित्र आरशाप्रमाणे उलटे केलेले असावे लागते. एका माणसाला गाडीमागे चालकाच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडील गाडीत उजवीकडे उभे करावे. तो पडद्यावरही उजवीकडेच दिसला पाहिजे. डावीकडे दिसत असेल तर कॅमेरा पुढच्या दृश्यासाठीच्या मांडणीवर आहे. अनेक कॅमेऱ्यांवर त्यासाठी तारेचा एक छोटा फास दिलेला असतो. सोबतच्या माहितीपत्रकानुसार तो कापला की चित्र पालटते. काही पडद्यांत ही सोय मेनूमध्ये असते. ही चूक तशीच राहिली तर घाईच्या क्षणी चालक नेमका चुकीच्या दिशेला चाक वळवतो.

दुसरी तपासणी रंगीत रेषांची. हिरवी, पिवळी आणि लाल अशा या रेषा अंतर दाखवतात असा समज असतो. प्रत्यक्षात स्वस्त कॅमेऱ्यांमध्ये त्या चित्रावर कायमच्या उमटवलेल्या रेघा असतात. कॅमेरा विशिष्ट उंचीवर आणि विशिष्ट कोनात बसवला आहे असे गृहीत धरून त्या आखलेल्या असतात. आपल्या गाडीत ती उंची आणि तो कोन निराळा असतो, त्यामुळे लाल रेषा अर्धा मीटर दाखवते की दीड मीटर, हे मोजल्याशिवाय कळत नाही. यासाठी गाडीमागे बंपरपासून अर्धा, एक, दोन आणि तीन मीटरवर खडूने आडव्या रेघा ओढाव्यात, गाडीच्या रुंदीच्या दोन उभ्या रेघाही ओढाव्यात आणि पडद्यावरच्या रेषा त्यांच्याशी ताडून पाहाव्यात. कॅमेरा थोडा वर-खाली करून लाल रेषा अर्ध्या मीटरच्या खुणेवर आणता आल्यास उत्तम. न जमल्यास कोणती रेषा किती अंतराची, हे लक्षात ठेवावे. ते साधत नसेल तर चुकीच्या रेषांपेक्षा रेषा बंद ठेवलेल्या बऱ्या. त्यासाठीही अनेक कॅमेऱ्यांवर सोय असते.

या रेषा स्टिअरिंगबरोबर वळत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. चाक वळवलेले असताना गाडी रेषांच्या बाहेरून जाते. तसेच त्या सपाट जमिनीसाठी असतात. तळघरातील पार्किंगमध्ये मागे चढ असेल, तर चढावरची वस्तू पडद्यावर असते त्याहून लांब भासते. जमिनीपासून वर लटकणाऱ्या वस्तूंचेही तसेच होते. टेम्पोबाहेर आलेल्या सळया किंवा ट्रकचा पुढे आलेला फाळका रेषेच्या पलीकडे दिसतो, प्रत्यक्षात मात्र तो डिकीच्या काचेला भिडण्याच्या बेतात असतो. शिवाय रुंद कोनाच्या भिंगामुळे मधल्या वस्तू लहान, म्हणून लांब भासतात.

तिसरी तपासणी सुरुवातीच्या स्टुलाची. ते पुन्हा बंपरजवळ ठेवून मध्यभागी आणि दोन्ही कोपऱ्यांत पडद्यावर दिसते का, हे पाहावे. आधी खडूने केलेल्या खुणेपर्यंतची सारी जागा चित्रात आली, तर कॅमेरा बसवण्याचा हेतू साध्य झाला. हीच चाचणी रात्री केवळ रिव्हर्स दिव्याच्या प्रकाशातही करावी. अंधारात चित्र फारच काळवंडत असेल तर मागच्या दिव्याची काच स्वच्छ करावी आणि बल्ब तपासावा.

वॉरंटी आणि विमा

वॉरंटीच्या मुदतीतील गाडीची मूळ तार कापल्यास विद्युत यंत्रणेतील पुढील बिघाडाची जबाबदारी उत्पादक नाकारू शकतो. त्यासाठी तार न कापता मूळ जोडणीच्या मध्ये बसणारे तयार कपलर काही गाड्यांसाठी मिळतात. ते नसल्यास अधिकृत सेवा केंद्रातूनच काम करून घेणे योग्य. कारखान्यातून न आलेल्या विद्युत उपकरणांची नोंद विमा कंपनीकडे करून वाढीव हप्ता भरल्यास त्यांनाही विम्याचे संरक्षण मिळू शकते. महागडा पडदा बसवणाऱ्यांनी पॉलिसीच्या नूतनीकरणावेळी ही विचारणा करावी. खरेदीची पावती जपून ठेवावी.

कॅमेरा बसल्यावर देखभाल फारशी नसते. भिंग आठवड्यातून एकदा मऊ ओल्या कपड्याने पुसावे आणि पावसाळ्यात गाडी काढण्यापूर्वी त्यावरचा चिखल पाहावा. पहिल्या काही पावसांनंतर डिकीचे आवरण उचलून जोडात ओल आली आहे का, हेही तपासावे.

सवय मात्र पूर्वीचीच ठेवावी लागते. गाडी मागे घेण्यापूर्वी कोणाला धोका नाही याची खात्री करण्याची जबाबदारी चालकावर असते आणि कॅमेरा होता ही सबब तेथे चालत नाही. पडदा समोरच्या क्षणी मागे काय आहे ते दाखवतो, बाजूने धावत येणारे मूल त्याच्या चौकटीत शिरेपर्यंत दिसत नाही. गाडीत बसण्याआधी मागून एक फेरी मारणे, काच थोडी खाली घेऊन आवाज ऐकणे, आरसे आणि पडदा आळीपाळीने पाहणे आणि गाडी माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश मागे घेणे, हा क्रम कॅमेरा आल्यानंतरही बदलू नये. घरातील मुलांनाही एकदा चालकाच्या जागी बसवून मागे ठेवलेले स्टूल आरशात शोधायला सांगावे. ते दिसत नाही हे त्यांनी स्वतः पाहिले, की पांढरा दिवा लागलेल्या गाडीमागे का थांबायचे नाही, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.